शिट्टीला ओ

नल्लकुंट्यातल्या आमच्या गल्लीत सूर्य उगवायच्या आधी शिट्टी वाजायची. साधीसुधी नव्हे, आत वाटाणा असलेली, पितळेची, काळ्या दोरीला बांधलेली, पी.टी.च्या मास्तरांची शिट्टी. ती वाजली की दूधवाला सायकलवरून उतरून चालायला लागायचा, समोरच्या रेड्डींचा कुत्रा भुंकायचं सोडून खाली बसायचा आणि आमचे हे दाढीचा ब्रश हातात धरून क्षणभर ताठ उभे राहायचे. ह्यांची शाळा पुण्यातली. बिराजदार मास्तरांनी ह्यांना एक दिवससुद्धा शिकवलेलं नव्हतं. पण ते शिट्टीला काय माहीत.

ह्यांना एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही पुणं सोडून हैदराबादला आलो, तेव्हा देशात सगळंच नवं नवं येत होतं. गल्लीच्या तोंडाशी पिवळा एसटीडी बूथ आला होता. या गच्चीवरून त्या गच्चीवर केबलच्या तारा लोंबत होत्या. आणि जुनी घरं एकामागून एक पाडून तिथे अपार्टमेंटं उभी राहत होती. आम्हाला मिळालं ते न पाडलेलं घर. खाली आम्ही भाडेकरू, वर घरमालक व्यंकटराव बिराजदार. जिना बाहेरून. वर एक लांबच लांब गॅलरी, तिच्या एका टोकाला मास्तरांची वेताची खुर्ची आणि दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर.

मास्तर मूळचे उदगीरकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. वडील निजामाच्या काळात पोट भरायला हैदराबादला आले आणि इथलेच झाले. मास्तरांनी काचीगुड्यातल्या मराठी शाळेत सगळी हयात कवायत शिकवली. त्यांची मराठी ऐकून मी पहिला महिनाभर गोंधळलेलीच असायचे. "चहा होना का तुम्हाला?" असं विचारायचे. मी नको म्हटलं की "नक्को कायको? घ्या की," म्हणायचे आणि कप पुढे करायचे. मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. हजेरीपटावर दोन जोशी असले की गावावरून ओळखतात तसं त्यांनी माझं नाव 'पुणेकर' ठेवून टाकलं.

त्यांचा लाडका शब्द म्हणजे 'जैसे थे'. ही कवायतीतली आज्ञा. कुणी चुकीच्या पायावर वळलं की मास्तर ओरडणार 'जैसे थे', आणि सगळ्यांनी मुकाट्यानं आधीच्या जागी यायचं. मास्तरांनी ती आज्ञा अख्ख्या आयुष्याला लावली होती. दूध नासलं, जैसे थे. सरकार पडलं, जैसे थे. एक बिल्डर मोठं पेढ्यांचं खोकं घेऊन घर मागायला आला, तर मास्तरांनी त्याला गॅलरीतूनच ती आज्ञा दिली. तो बिचारा शाळेत बहुधा कवायतीला दांड्या मारणारा असावा. त्याला काही कळलं नाही आणि तो दर पंधरवड्यानं येतच राहिला.

मास्तरांच्या पत्नी कलावतीबाई आम्ही यायच्या काही महिने आधीच गेल्या होत्या. गॅलरीत त्यांचा फोटो होता, नऊवारीतला, जरा रागावलेला. मी एकदा विषय काढला होता. मास्तर म्हणाले, "भाकरी चांगली करत होती," आणि सदऱ्याच्या टोकानं शिट्टी पुसायला लागले. पुढे मी तो विषय काढला नाही.

एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना मास्तर बाथरूममध्ये पडले आणि मांडीच्या खुब्याचं हाड मोडलं. 'पडलो' असं मात्र ते कधीच म्हणाले नाहीत. "उडी चुकली," म्हणायचे. भेटायला येणारे मोठ्या काळजीनं विचारायचे, कशी हो चुकली, आणि मास्तर त्यांना धाव कुठून घ्यायची, पाय कुठे टेकवायचा हे समजावून सांगायचे. ऑपरेशन झालं, घरी आले, चालायला वॉकर मिळाला. त्याला ते 'पॅरलल बार' म्हणायचे. मी म्हटलं, आपण जागा बदलू, तुम्ही खाली या, आम्ही वर जातो. म्हणाले, "जैसे थे."

त्यांचा एकुलता एक मुलगा अनिल औरंगाबादला एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होता. तो ऑपरेशनला आला, राहिला, आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला की बाबांजवळ दिवसरात्र राहणारं माणूस मिळालं तर बघा. मिळालं आणि टिकलं तर ठीक. नाहीतर गणपतीत येईन तेव्हा त्यांना बरोबर घेऊन जाईन. माझं घर चौथ्या मजल्यावर असलं तरी लिफ्ट आहे. हे घर मग बिल्डरला द्यावं लागेल. हे तो काही कठोरपणानं म्हणाला नव्हता. पण मास्तरांनी ते गॅलरीतून ऐकलं. तो गेल्यावर मला म्हणाले, "पुणेकर, माणूस आणा. मी इथून हलणार नाही." मग म्हणाले, "तिथं जाऊन मी शिट्टी कुणासाठी वाजवू?" मला वाटलं, दूधवाल्याबद्दल बोलताहेत.

अशा रीतीनं मास्तरांसाठी माणूस शोधणं हे माझं खातं झालं. त्यात माझाही स्वार्थ होताच. घर पाडलं असतं तर मास्तर औरंगाबादला आणि आम्ही रस्त्यावर.

माणसं मिळत होती. प्रश्न मुलाखतीचा होता. उमेदवारानं गॅलरीत उभं राहायचं, हात बाजूला, नजर समोर. मग मास्तर विचारणार, "दहिने मूड म्हटलं तर कुठं वळणार?" आता ज्या बाईला फरशी पुसायची आहे तिला उजवं-डावं कशाला हवं? पण मास्तरांचं म्हणणं, ज्याला दहिना-बाया कळत नाही तो मला जिन्यावरून खाली कसा नेणार. यातूनही काही जण पास झाले, आणि खरी गंमत तिथून सुरू झाली.

पहिली आली सरोजम्मा. शांत, नीटनेटकी, बोलायला गोड. मी मनात म्हटलं, सुटलो. दुपारी मास्तरांनी गॅलरीतून एक लांब शिट्टी वाजवली. सरोजम्मा हातातलं काम टाकून पळत गेली.

"क्या होना साब?"

"काही नाही. का आलीस?"

"तुमीच बुलाये ना."

"मी? जैसे थे."

ती परत गेली. थोड्या वेळानं पुन्हा शिट्टी. पुन्हा ही पळत हजर. पुन्हा मास्तर, का आलीस? असं संध्याकाळपर्यंत चाललं. दर वेळी ती दारात दिसली की मास्तरांचा चेहरा पडायचा. मी खाली अंगणातून हे पाहत होते आणि मला काही म्हणता काही उमजत नव्हतं. सरोजम्मानं कसेबसे काही दिवस काढले आणि गावी कुणीतरी आजारी पडलं असं सांगून गेली. तिच्या गावात फारच माणसं आजारी पडत असावीत, कारण ती लगेच पलीकडच्या गल्लीत कामाला लागलेली मला दिसली.

मग आला शंकर. एका नर्सिंग होममध्ये वॉर्डबॉय होता, पांढरा गणवेश घालूनच आला. गणवेश पाहून मास्तर खूश झाले. पण हा शंकर शिट्टी वाजायच्या आधीच तोंड उघडून उभा. मास्तरांनी नुसता श्वास आत घेतला तरी हा 'येस सर' म्हणून समोर. "तू जवळ नको उभा राहू," मास्तर म्हणायचे, "दूर जा. स्वयंपाकघरात जा." तो जायचा. शिट्टी वाजायची. तो यायचा. शेवटी एक दिवस मास्तर म्हणाले, "बाबा, तू फार चांगला आहेस. पण तू येतोस." यात चुकलं काय ते शंकरला समजेना आणि मला तर मुळीच समजेना.

त्याच्यानंतरची बाई सर्वांत तडफदार निघाली. तिनं शिट्टीच लपवली. मास्तर दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी शिट्टी सापडली, तेव्हा बाईनं नेमका आलेला अनिलचा फोन उचलला आणि त्याला बजावून सांगितलं, "साब का दिमाग फिर गया. बुलाते, और आये तो पैचानते नै." आणि चप्पल पायात घालून गेली.

अनिलनं मग मला फोन केला. गणपतीत येतो आहे, बाबांचे कपडे काढून ठेवा, एवढंच म्हणाला. बिल्डरचा माणूस टेप घेऊन येऊन आमच्या अंगणाची लांबी-रुंदी मोजून गेला. मास्तर वरून पाहत होते. त्या दिवशी त्यांनी 'जैसे थे' म्हटलं नाही. मला खरंच रडू आलं. माझ्या भाडेकरूपणासाठी नव्हे. इतका ताठ माणूस, आणि खुर्चीत वाकून बसला होता.

मल्लम्मा आली ती अशा वेळी. खरं म्हणजे ती कामाला आलीच नव्हती, भांडायला आली होती. भाजी बाजाराच्या कोपऱ्यावर ती वर्षानुवर्षं गाडीवर टोमॅटो आणि गोंगुरा, म्हणजे आपली अंबाडी, विकायची. तिथे दुकानांची इमारत उठली, तिची जागा गेली. तेव्हापासून ती दारोदार टोपली घेऊन फिरत होती आणि ज्यानं त्यानं भाव केला की त्याच्याशी कडाकडा भांडत होती. पन्नाशीची, आडव्या बांध्याची, गालात पान. माझ्याशी टोमॅटोवरून जुंपलेली असताना मी सहज म्हटलं की एवढं ओरडण्यापेक्षा वरच्या आजोबांकडे राहून काम करशील का. ती टोपली खाली ठेवून म्हणाली, "टीवी है क्या?" मी म्हटलं, आहे. "केबल?" तीही आहे. ती टोपलीसकट जिना चढायला लागली.

मुलाखत झालीच नाही. मास्तरांनी 'सावधान' म्हटलं, तेव्हा ही त्यांच्या खुर्चीच्या मागचं जळमट काढत होती. 'दहिने मूड' म्हटलं, तेव्हा ती स्वयंपाकघरात पोचलेली होती आणि आत डबे उघडून त्यांच्याबद्दल मोठ्यानं नापसंती व्यक्त करत होती. मी मास्तरांजवळ उभी होते. म्हटलं, राहू दे, उद्या दुसरं कुणी बघू. मास्तरांनी सवयीनं शिट्टी तोंडात धरली आणि एक लांब फुंकली.

मल्लम्मा आली नाही. आतून ठण्ण असा आवाज आला. तिनं वैतागून पितळी ताटावर पळी हाणली होती. पाठोपाठ तिचा आवाज आला, "सुनी मैं, सुनी. मैं नै आती. हात में आटा है."

मी डोळे मिटून घेतले. आता मास्तर हिला जिन्यावरून खाली ढकलणार असं मला वाटलं. डोळे उघडले तर मास्तर खुर्चीत सरळ बसलेले होते. वाकलेली पाठ सरळ झाली होती. त्यांनी शिट्टी पुसली, पुन्हा तोंडात धरली आणि ह्या वेळी अगदी हळू, आखूड वाजवली.

ठण्ण. "बोली ना नै आती."

मास्तरांनी शिट्टी तोंडातून काढली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुणेकर, भरती."

त्यानंतर वरच्या मजल्यावर जे सुरू झालं त्याला सेवा-शुश्रूषा म्हणणं कठीण आहे. मल्लम्मा कामाला यथातथाच. कपबशा फोडायची, वरणात मिरची अशी घालायची की मास्तरांच्या टकलावर घाम यायचा. आणि दुपारी तिची तेलुगू मालिका लागली की जग बुडालं तरी जागची हलायची नाही. चहा करायची, पण खुर्चीपर्यंत आणून द्यायची नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर कप ठेवायची आणि ओरडायची, "रखी हूं. होना तो आके लेओ."

मास्तर चिडायचे. मी आजारी माणूस आहे म्हणायचे. "बीमार का मुँह इत्ता चलता क्या?" ती विचारायची. मग मास्तर पॅरलल बार ओढत, तिला नालायक, बेशिस्त, मैदानाबाहेर काढायच्या लायकीची म्हणत, ती लांबच लांब गॅलरी पार करायचे आणि गार झालेला चहा प्यायचे. आधी जाताना धापा टाकायचे. हळूहळू धापा कमी झाल्या आणि शिव्या वाढल्या. पुढे पुढे चहा गरम असतानाच पोचायला लागले. डॉक्टर तपासायला आले, तेव्हा त्यांनी विचारलं की व्यायाम कोण करून घेतं. मास्तर म्हणाले, कुणी नाही, ही बाई आळशी आहे.

शिट्टी दिवसभर वाजायचीच. ठण्ण व्हायचं. दोघंही आपापल्या जागी. त्यातलं काय कशासाठी हे मी विचारायचं सोडून दिलं होतं.

गणपतीत ठरल्याप्रमाणे अनिल आला. बरोबर एक मोठी रिकामी सूटकेस होती, बापाचे कपडे भरायला. तो काही वाईट मुलगा नव्हता, हे पुन्हा सांगते. दोन दिवस तो सगळं पाहत होता. वडील चालत जाऊन चहा घेतात हे त्यानं पाहिलं. मल्लम्मा त्याच्या वडिलांना काय काय बोलते हेही ऐकलं, आणि त्याचा चेहरा काही सांगेना. मी मल्लम्माला म्हटलं, निदान हे आहेत तोवर जरा गोड बोल. ती म्हणाली, "मीठा बोली तो बुड्ढा बीमार पडता."

काचीगुड्यातल्या शाळेच्या मैदानावर मराठी मंडळींचा गणपती बसायचा आणि एका दुपारी खेळांच्या स्पर्धा व्हायच्या. प्रत्येक स्पर्धा मास्तरांच्या शिट्टीनं सुटायची, ही कित्येक वर्षांची रीत. यंदा कार्यकर्त्यांनी परस्पर ठरवलं की मास्तर काही येऊ शकत नाहीत, आपण माईकवरून एक-दोन-तीन म्हणू. अनिलला वाटलं, खुर्चीत बसवून चौघांनी उचलून खाली न्यावं, म्हणजे बाबांना निदान शेवटचं बघता येईल. शेवटचं हा शब्द त्यानं हळूच उच्चारला, पण मास्तरांच्या कानातून काही सुटत नसे.

"खुर्ची नक्को," मास्तर म्हणाले. पांढरी पॅन्ट, पांढरा सदरा, पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. असे जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले. ऑपरेशननंतर ते त्या जिन्यावरून उतरलेच नव्हते. आम्ही सगळे खाली उभे. मल्लम्मा पदर खोचून त्यांच्यापुढे दोन पायऱ्या खाली, त्यांच्याकडे तोंड करून, उलटी उतरायला तयार.

"गिरे तो मेरे पे गिरो," ती म्हणाली. "मैं नै मरती."

"तू मधून हट," मास्तर म्हणाले. पण ती हटली नाही, आणि उतरताना त्यांचा एक हात कठड्यावर होता तसा दुसरा तिच्या खांद्यावर होता. वाटेत दोघांचं एकदा भांडण झालं, डावा पाय आधी की उजवा. तेवढा वेळ दोघं मधेच उभे राहून भांडले. शेवटच्या पायरीवरून मास्तर अंगणात उतरले तेव्हा समोरच्या रेड्डींनी टाळ्या वाजवल्या आणि त्यांचा कुत्रा खाली बसला.

मैदानावर नुसता गोंधळ. नवा चिटणीस माईकला चिकटून हॅलो, हॅलो करत होता. लिंबू-चमच्याच्या शर्यतीला उभ्या राहिलेल्या बायकांत कोण रेषेच्या पुढे आणि कोण मागे यावरून बोलाचाली चालल्या होत्या. पुरुष मंडळी सामोसे खात आपापल्या पोरांना सल्ले देत होती. चिटणीस विनंती करत होता, कळकळीची विनंती करत होता, मग नुसताच कळवळत होता. मास्तर रिक्षातून उतरले, पॅरलल बार रोवून उभे राहिले आणि एक लांब शिट्टी फुंकली.

अख्खं मैदान गार झालं. आणि मग मी जे पाहिलं ते आठवलं की मला अजून हसू येतं. ती सगळी चाळिशीतली पोटं सुटलेली माणसं, कुणी बँकेत साहेब, कुणी आबिड्सला दुकान घालून बसलेला, कुणी वकील, हातातले सामोसे तसेच ठेवून आपोआप रांगेत आली. नुसती रांग नव्हे, उंचीप्रमाणे रांग. माझ्या शेजारी अनिल उभा होता. त्याच्या टाचा जुळल्या. हात बाजूला गेले. त्याला स्वतःला ते कळलं नसावं.

"अनिल," मास्तर तिकडून, त्याच्याकडे न पाहता म्हणाले, "पोट आत."

अनिलनं पोट आत घेतलं.

त्या दुपारच्या सगळ्या शर्यती मास्तरांनी सोडल्या. मल्लम्मालाही लिंबू-चमच्यात उभं केलं. ती पहिली आली. फक्त लिंबावर अंगठा दाबून धरून आली. मास्तरांनी भर मैदानात तिला बाद केलं. "अंगूठा मेरा, चमचा मेरे मुँह में, तुमकू क्या?" असा तिचा सवाल होता. चमचा तोंडात असताना अंगठ्याचं तिथे काय काम, असा मास्तरांचा जबाब होता. रिक्षात बसून घरी येईपर्यंत हा खटला चालू होता, आणि मास्तर इतके आनंदात होते की जिना चढल्याचं त्यांना वर पोचल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अनिल औरंगाबादला परत निघाला. एकटाच. वाटेत एसटीडी बूथवर थांबून त्यानं बिल्डरला नाही म्हणून सांगितलं. आम्ही दोघं त्याला काचीगुडा स्टेशनवर सोडायला गेलो होतो. रिकामी सूटकेस बाकावर ठेवून तो बसला. मी आपली काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, की त्या बाईनं फोनवर सांगितलं तसं काही नाही हो, मास्तरांचं डोकं अगदी ठिकाणावर आहे.

"ते मला कधीच वाटलं नव्हतं," अनिल म्हणाला. "ती शिट्टी मला माहीत आहे. आईचे कान माझ्या लहानपणापासूनच गेलेले. हाक मारलेली ऐकू यायची नाही, शिट्टी मात्र कशी कोण जाणे यायची. बाबा खुर्चीवरून शिट्टी वाजवायचे आणि आई आतून ताटावर पळी मारायची. यायची नाही ती. बाबांना काही हवंही नसायचं. आहेस ना? आहे. एवढंच."

गाडीला अजून वेळ होता. हे उगीचच पाण्याची बाटली आणायला उठले.

"आई गेल्यावर मी राहिलो होतो," अनिल म्हणाला. "बाबा शिट्टी वाजवायचे आणि मग ऐकत बसायचे. मला ते बघवेना. तिकडे नवीन घर, तिथे ते वाजवणार नाहीत असं वाटलं, म्हणून न्यायला आलो होतो. परवा दुपारी आत पडलो होतो. शिट्टी वाजली, आणि स्वयंपाकघरातून ठण्ण झालं. मी उठून बसलो. क्षणभर मला लहान झाल्यासारखं वाटलं." गाडी आली तेव्हा आम्ही त्याची सूटकेस आत चढवली.

सरोजम्मा आणि शंकर दोघंही मला त्या रात्रभर आठवत राहिले. बिचारे किती धावले. त्यांना कुणी सांगायला हवं होतं की धावायचं नव्हतं.

पुढे बतुकम्माचा सण आला. तेलंगणातल्या बायका त्या दिवसांत फुलांचे उंच थर रचतात आणि त्याभोवती फेर धरतात. मल्लम्माला माहेरी जायचं होतं. मास्तरांनी परवानगी नाकारली. तिनं मागितलीच नव्हती, असं म्हणून ती गेली. जाताना मला बजावून गेली की बुड्ढ्याला चहा हातात देऊ नका, बिघडेल. मी वरचं जेवणखाण सांभाळत होते.

दुसऱ्या दुपारी मी खाली माझ्या स्वयंपाकघरात भाजी फोडणीला टाकत होते. वर शिट्टी वाजली. एक लांब. मग शांतता. वरून खुर्ची करकरल्याचा आवाजही नाही. बराच वेळ गेला आणि पुन्हा वाजली, ह्या वेळी आखूड, हळू, चुकून वाजल्यासारखी.

मी गॅस बारीक केला. माझ्याकडे सगळी भांडी स्टीलची, पुण्याहून आणलेली. त्यातलं सर्वांत मोठं ताट काढलं, ओट्यावर उभं धरलं आणि पळी उचलून दणकून हाणली.

आवाज काही पितळेसारखा आला नाही. फारच पातळ आला. वर काही क्षण काहीच हालचाल नाही. मला वाटलं, नको ते करून बसले. त्या आवाजावर फक्त दोघींचा हक्क होता, आणि मी कोण मधेच घुसणारी.

मग गॅलरीतून मास्तरांचा आवाज आला, कवायतीचा, खणखणीत, पार गल्लीच्या तोंडापर्यंत जाणारा.

"पुणेकर, जैसे थे."